खलनायकाची सबब कशी लिहायची

मालिकेच्या शेवटच्या आठवड्यात गुन्हेगार पकडला जातो, खुर्चीत बसतो आणि चार पानी संवादात आपण हे सगळं का केलं ते सांगतो. बाप मारायचा, गावानं वाळीत टाकलं, जिच्यावर जीव होता तिनं फसवलं. लेखकाला वाटतं, पात्राला खोली आली. प्रेक्षकाला ते गळ्यात मारल्यासारखं वाटतं. गेले दोनशे एपिसोड हा माणूस कशाच्या जोरावर रात्री निवांत झोपत होता, हे त्याला कधी दिसलेलंच नसतं. सबब गुन्ह्याच्या आधी लागते. तिच्याशिवाय चारचौघांसारख्या माणसाचा हात पुढे जातच नाही.

ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅत्झा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५७ साली हेच मांडलं. वाईट मार्गाला लागलेल्या पोरांची नीती जगावेगळी नसते, चोरी वाईट हे त्यांनाही मान्य असतं. पण तो नियम आत्ता, इथे, आपल्या बाबतीत का लागू नाही याचं उत्तर त्यांच्याकडे आधीच तयार असतं. त्या उत्तरानं मनाची टोचणी बोथट होते आणि मग गुन्हा घडतो. त्याआधी १९५३ मध्ये डोनाल्ड क्रेसी या गुन्हेशास्त्रज्ञानं अफरातफरीबद्दल तुरुंगात असलेल्यांशी बोलून तीन गोष्टी नोंदवल्या होत्या: कुणालाही सांगता न येणारी पैशाची अडचण, ती गुपचूप सोडवायची संधी आणि 'मी विश्वासाचा माणूस आहे' हे स्वतःबद्दलचं मत न मोडता पैसे उचलू देणारे शब्द. यातली तिसरी गोष्ट आपल्या कामाची. ते शब्द बहुतेक वेळा साधेच असतात: 'उसने घेतलेत, भरून टाकीन.'

एक पात्र धरून चालू या. तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेचा पिग्मी एजंट. रोज साठ दुकानं फिरतो, सरासरी शंभर रुपये धरले तर दिवसाला सहा हजार गोळा करतो, संध्याकाळी संस्थेत भरतो, त्यावर कमिशन मिळवतो. मुलीच्या कॉलेजची १८ हजार फी भरायची शुक्रवारी शेवटची तारीख आहे. संस्थेतून मोबाइलवर मेसेज येतो, त्यामुळे सगळ्यांचे पैसे दाबता येत नाहीत. पण भाजी विकणाऱ्या एका आजीकडे मोबाइलच नाही. ती पुस्तक पुढे करते, हा आकडा लिहून सही करतो. आजीसारखी आणखी चार खाती आहेत.

इथपर्यंत अडचण झाली, संधी झाली. अजून गुन्हा घडलेला नाही. आता त्याला शब्द द्यायचे.

कुठली सबब कुणाला शोभते

साइक्स आणि मॅत्झा यांनी सबबींचे पाच प्रकार सांगितले. पाचही पाठ असावेत, पण एकाच माणसाच्या तोंडी पाचही घालू नयेत.

पहिला प्रकार जबाबदारी झटकण्याचा. 'मी कोण? वरून आलं ते केलं.' लिहायला सगळ्यात सोपा, म्हणून सगळ्यात झिजलेला. ड्रायव्हर, शिपाई, सुपारी घेतलेला पोऱ्या यांना तो चालतो. मुख्य पात्राला दिला की ते लुळं पडतं. ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याच्याकडे तासन्‌तास कोण बघत बसेल?

दुसरा, नुकसान नाकारण्याचा. 'त्यात कुणाचं काय गेलं?' याचा उत्तम नमुना 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकी मालिकेच्या तिसऱ्या सीझनच्या पहिल्या एपिसोडमध्ये आहे. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीचा वॉल्टर व्हाइट, रसायनशास्त्राचा शिक्षक, चोरून मेथ हा अमली पदार्थ बनवतो. त्याच्या डोळ्यांसमोर एक मुलगी गुदमरते, तो वाचवत नाही. तिचा बाप हवाई वाहतूक नियंत्रक. मुलीच्या दुःखात त्याच्या हातून चूक होते, दोन विमानं आदळतात. मग शाळेच्या सभेत हादरलेल्या मुलांपुढे वॉल्टर उभा राहतो आणि आकडे सांगू लागतो: जमिनीवर कुणी दगावलं नाही, विमानं भरलेली नव्हती, अपघातांच्या यादीत हा पन्नासावा वगैरे असेल, १९७७ मध्ये टेनेरिफेला तर ५८३ माणसं गेली होती. अख्खी सभा अवघडून बसते. गुन्ह्याचा शब्दही निघत नाही, समोर बसलेल्यांना त्याचा संबंध ठाऊक नाही. तो सबब देतोय हे फक्त आपल्याला कळतं. या प्रकारची सबब अशीच लिहावी: अपराधाचा विषय निघालेला नसताना, भलत्याच गोष्टीबद्दल, जरा जास्तच तपशिलात. आपल्या एजंटच्या तोंडी ती अशी येईल: 'आजीला मुदत संपेपर्यंत कुठं लागणारेत पैसे? तोवर पडूनच तर आहेत.'

तिसरा प्रकार बळीच नाकारण्याचा. माणूस मेला हे खरं, पण तो त्याच लायकीचा होता. २००६ मध्ये सुरू झालेल्या, एका सराईत खुन्यावरच्या 'डेक्स्टर' या अमेरिकी मालिकेचा सगळा डोलारा यावर उभा आहे: बापानं घालून दिलेला नियम, की कायद्याच्या हातून सुटलेल्या खुन्यालाच मारायचं आणि खात्री केल्याशिवाय हात लावायचा नाही. लेखकाला हा प्रकार भुरळ घालतो, कारण प्रेक्षक चटकन त्या बाजूला जातो. धोकाही तोच. बाईवरच्या अत्याचाराच्या ट्रॅकमध्ये 'तिनंच ओढवून घेतलं' हे वाक्य खलनायकाला दिलंत आणि कॅमेरा त्याच्याच चेहऱ्यावर ठेवलात, तर मालिकाही तेच म्हणतेय असं वाटतं. असं वाक्य आलं की पुढचा शॉट तिचा हवा. नाहीतर ते वाक्य लिहूच नका.

चौथा, बोट दाखवणाऱ्यावरच बोट दाखवायचं. आपल्याकडे याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण पडद्यावर हा प्रकार चालायला एक अट आहे: उलटा आरोप खरा असला पाहिजे. 'द वायर' या अमेरिकी मालिकेत ड्रगवाल्यांना लुटणारा ओमर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असतो. त्याच ड्रगवाल्यांचा वकील लेव्ही त्याला बांडगूळ ठरवू पाहतो. ओमर शांतपणे म्हणतो, मीही तेच, तुम्हीही तेच. माझ्याकडे बंदूक, तुमच्याकडे ब्रीफकेस. वकिलाला उत्तर सुचत नाही, कारण गेला दीड सीझन आपण त्याला हेच करताना पाहिलंय. नुसतं 'सगळेच खातात' हे गुळगुळीत झालेलं वाक्य आहे. त्याच्या मागे दिसलेला प्रसंग हवा. आपल्या एजंटला हे वाक्य द्यायचं असेल तर दहा एपिसोड आधी, दुसऱ्याच कामासाठी, चेअरमनच्या मेव्हण्याला विनातारण कर्ज मंजूर होताना दाखवून ठेवा.

पाचवा निष्ठेचा: घरासाठी, पोरांसाठी, गँगसाठी, जातभाईंसाठी. हा सगळ्यांत ताकदीचा. त्याच्याकडे पुढे सविस्तर येऊ.

नंतरच्या अभ्यासकांनी यादी वाढवली. त्यातली एक मराठी लेखकाला विशेष उपयोगी आहे. चोरीचा माल घेणाऱ्या एका धंदेवाईकाचा कार्ल क्लोकार्सनं अभ्यास केला आणि १९७४ मध्ये ही सबब मांडली: आयुष्याची कीर्द-खतावणी. वाईट केलं ते नावे टाकायचं, चांगलं केलं ते जमेला, आणि शेवटी बाकी आपल्याच बाजूला दाखवायची. गणेश मंडळाला वर्गणी, शाळेला मोफत वह्या, गावाला अँब्युलन्स, आषाढीला फराळवाटप हे सगळं आपल्याकडे पार्श्वभूमीला दाखवलं जातं, खरं तर ती त्या पात्राची सबब असते. झी मराठीवर २०२० मध्ये आलेल्या 'देवमाणूस'मध्ये खुनी डॉक्टरला गावच जमेची बाजू लिहून देत होतं. त्याला तोंड उघडायची गरज नव्हती. खलनायक दान करताना दिसला की त्याच एपिसोडमध्ये नावेची नोंदही पडू द्या.

एकपानी टाचण

मालिकेच्या बायबलमध्ये, म्हणजे सगळ्या लेखकांसाठी केलेल्या माहितीवहीत, पात्राचं वय, शिक्षण, कपडे, आवडीनिवडी असतात. गुन्हेगार पात्रासाठी आणखी एक पान जोडा आणि त्यावर चार गोष्टी लिहा. एक पान म्हणजे एकच. जास्त झालं की दुसरा संवादलेखक वाचत नाही.

आकडा. किती झालं की हा थांबणार? 'ब्रेकिंग बॅड'च्या दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला वॉल्टर हा हिशेब मोठ्यानं करतो. कॉलेजला वर्षाला ४५ हजार डॉलर, दोन मुलं, चार वर्षं, म्हणजे ३ लाख ६० हजार. घराचं उरलेलं कर्ज १ लाख ७ हजार, घरावर काढलेलं आणखी ३० हजार. घरखर्च महिन्याला २ हजार, दहा वर्षांचे २ लाख ४० हजार. एकूण ७ लाख ३७ हजार. बेरीज बरोबर जुळते, आणि म्हणूनच ती भयंकर आहे. हा माणूस लोभी नाही, जबाबदार आहे असं वाटायला लावण्याचं काम ती बेरीज करते. पुढे त्याच्याजवळ ८ कोटी डॉलरच्या आसपास जमतात. बायको त्याला नोटांच्या ढिगासमोर उभं करून विचारते, आणखी किती? आधीचा आकडा ऐकलेला असल्यामुळेच तो प्रश्न लागतो. आपल्या एजंटचा आकडा १८ हजार. तो पहिल्याच एपिसोडमध्ये फीच्या पावतीवर दिसू द्या. 'खूप पैसे लागतील' असं लिहिलंत तर पुढे मोडायला काही उरत नाही.

रेघ. 'काहीही झालं तरी हे मी करणार नाही.' ओमरची रेघ अशी की धंद्यात नसलेल्या माणसावर बंदूक रोखायची नाही. रेघ पात्राला अभिमान देते. ती ओढताना एक लक्षात ठेवा: जिथे तुमचं कथानक त्याला नेणारच आहे, नेमकी तिथे ओढा. एजंटची रेघ: 'पुस्तकात खोटं लिहिणार नाही. भरायला उशीर वेगळा, खोटी नोंद वेगळी.'

कुणासाठी. एकच नाव लिहा. 'कुटुंबासाठी' हे उत्तर चालणार नाही. मुलगी की बायको की म्हातारी आई, ठरवा. पुढे त्या एका माणसाला एक प्रसंग करायचा आहे.

कान. ही सबब तो कुणाला ऐकवतो? आरशातलं स्वगत ही पळवाट आहे. दैनिक मालिकेत ती सोयीची वाटते, पण स्वतःशी बोलणाऱ्याला कुणी अडवत नाही, म्हणून प्रसंग उभा राहत नाही. कान असा हवा की ज्याला पटण्यात त्याचा थोडा तरी फायदा आहे, पण पूर्ण पटत नाही. 'द सोप्रानोज' या अमेरिकी मालिकेत माफिया टोळीचा म्होरक्या टोनी जिच्याकडे जातो ती मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर मेल्फी हा असा कान आहे. दुसऱ्या सीझनमध्ये टोनी तिला सांगतो की आम्ही शिपाई आहोत आणि शिपाई नरकात जात नाहीत. मग गाडी इटालियन स्थलांतरितांकडे वळते: अमेरिकेला शहरं बांधायला, बोगदे खणायला आम्ही हवे होतो, बडे धनाढ्य तरी कुठे साव होते? निष्ठा, उलटा आरोप आणि इतिहासाचं ओझं, तीन सबबी एका दमात. मेल्फी वाद घालत नाही. एवढंच विचारते, त्या गरीब स्थलांतरितांचा आणि तुमचा काय संबंध? लांब सबबीला छोटा प्रश्न, हे माप धरून ठेवा. उलटं केलंत, म्हणजे गुन्हेगाराचं एक वाक्य आणि सज्जनाचं भाषण, की प्रेक्षक गुन्हेगाराकडे गेला म्हणून समजा.

सबब बदलत न्यायची

एकच सबब पहिल्यापासून शेवटपर्यंत राहिली तर पात्र हट्टी वाटतं. गुन्हा मोठा होतो तशी जुनी सबब अपुरी पडायला हवी. एजंटची चढण अशी:

'उसने घेतलेत, कमिशन आलं की भरतो.' पहिले तीन आठवडे. तो खरंच दोन हजार भरतोही. हा भरणा दाखवायचाच, नाहीतर 'उसने' हा शब्द सुरुवातीपासूनच खोटा वाटतो.

'मेव्हण्याला लाखानं देतात, मी हजारानं घेतले तर बिघडलं कुठं?' फी भरून झाली आहे, पण पैसे उचलणं थांबलेलं नाही. इथे आकडा मोडला. संवादात त्याचा उल्लेख नको. फीची भरलेली पावती टेबलावर आणि त्याच्या हातात आजच्या नोटा, एवढं पुरे.

'सगळं घरासाठीच करतोय.' आता घरात नवा टीव्ही आहे.

'आजीचे पैसे तरी कुठं टिकणार होते? पोरगा दारूत घालवणार.' आजी मुदत संपली म्हणून पुस्तक घेऊन आली आहे, आणि यानं पुस्तकातली नोंद खाडाखोड करून बदलली आहे. रेघ ओलांडली. ज्याला तो आजी म्हणून हाक मारायचा त्या माणसालाच त्यानं हिशेबातून काढलं.

त्यानंतर सबब नाही. नुसती सवय.

आठ भागांच्या वेब सीरिजमध्ये हे बदल दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या भागाच्या शेवटाकडे बसतात. आठवड्याला सहा दिवस चालणाऱ्या मालिकेत एका सबबीला चार ते पाच आठवड्यांचा ट्रॅक द्यावा. त्याहून लवकर बदललीत तर प्रेक्षकाला जुनी पाठ झालेली नसते, त्यामुळे नवी आल्याचं जाणवत नाही. बदलाचा क्षण कधीही संवादात घोषित करू नका. पात्राला स्वतःची सबब बदलली हे कळतच नसतं.

निर्णयाचा क्षण लिहिताना यादी करायला लावणं ही जुनी, पण भरवशाची युक्ती. 'ब्रेकिंग बॅड'च्या तिसऱ्याच भागात तळघरात बांधून ठेवलेल्या माणसाचं काय करायचं, यासाठी वॉल्टर कागदावर दोन रकाने पाडतो. सोडायच्या बाजूला बरंच काही: हे नीतीला धरून आहे, तू खुनी नाहीस वगैरे. मारायच्या बाजूला एकच ओळ: सोडलं तर तो तुझ्या कुटुंबाला संपवेल. बऱ्याच चांगल्या कारणांना घराच्या नावाची एक ओळ भारी पडते. निष्ठेची सबब कशी काम करते याचं याहून नेमकं चित्र सापडणं कठीण.

दरवाजा उघडा ठेवा

बहुतेक मालिकांत ही पायरी गाळली जाते. सबब खरी की खोटी हे ठरवायचा एकच मार्ग आहे: तिची गरजच काढून घ्या. ज्या अडचणीपायी तो गुन्हा करतोय ती अडचण दुसरं कुणीतरी, सरळ मार्गानं, सोडवायला तयार होऊ दे. मग बघू या तो काय करतो.

वॉल्टरचा जुना भागीदार एलियट त्याच्या उपचारांचा खर्च उचलायला तयार होतो. वॉल्टर नाही म्हणतो आणि परत मेथ बनवायला जातो. हे पाचव्या भागात घडतं. मालिका एकूण ६२ भागांची, २००८ ते २०१३ अशी चालली. म्हणजे 'कुटुंबासाठी' ही सबब खोटी आहे हे लेखकांनी पाचव्याच भागात टेबलावर ठेवलं होतं, आणि तरीही पुढची पाच वर्षं प्रेक्षक तिला धरून बसले. असा उघडा दरवाजा फार लवकर आणि फार साधेपणानं दाखवायचा असतो. नकाराचं कारण अपमान, मानीपणा, जुनं भांडण असं काहीतरी पटण्यासारखं हवं, म्हणजे त्या वेळी त्याचं खरं वजन कुणाला कळत नाही.

आपल्या एजंटचा दरवाजा: साडू म्हणतो, 'अठरा हजार ना? घे, दिवाळीनंतर दे.' एजंट हसून म्हणतो, 'तुझ्या पुढे हात पसरायची वेळ नाही आली अजून.' प्रेक्षक मान डोलावतो. स्वाभिमानी माणूस! त्याच संध्याकाळी तो आजीच्या पुस्तकावर सही करतो.

याच्या उलट बाजूची युक्तीही आहे. गुन्हेगाराला त्याचीच सबब दुसऱ्यानं विकायची. तिसऱ्या सीझनमध्ये वॉल्टर धंदा सोडू पाहतो तेव्हा ड्रगचा बडा व्यापारी गस फ्रिंग त्याला पैशाच्या आमिषापेक्षा मोठं काहीतरी देतो. पुरुषाचं काम कुटुंबाला पुरवणं, कुणी मान देवो न देवो, प्रेम करो न करो, असं तो सांगतो. वॉल्टरची स्वतःची सबब, घासूनपुसून परत केलेली. मोठा गुन्हेगार लहान गुन्हेगाराला असाच ओढतो. दमदाटीचे प्रसंग लिहून कंटाळा आला असेल तर हे करून बघा.

नारदाचा प्रश्न

निष्ठेच्या सबबीची कसोटी कशी घ्यायची हे आपल्या गोष्टीत फार पूर्वीच सांगून ठेवलंय. वाल्या वाटसरूंना मारतो, प्रत्येक खुनामागे एक खडा रांजणात टाकतो, सात रांजण भरतात. नारद त्याला पाप-पुण्याचं प्रवचन देत नाही. ज्यांच्यासाठी करतोस ते या पापात वाटेकरी होतील का, घरी जाऊन विचारून ये, एवढंच म्हणतो. वाल्या विचारतो, घरचे नाही म्हणतात.

(वॉल्टरनंही शेवटी आपले पैसे सात पिंपांत भरून वाळवंटात पुरले. योगायोगच, पण विसरता येत नाही असा.)

हा प्रसंग लिहिताना तीन गोष्टी सांभाळा. प्रश्न बाहेरच्या माणसानं पेरायचा, पण उत्तर 'कुणासाठी'मध्ये नाव लिहिलेल्या माणसानंच द्यायचं. उत्तर देणाऱ्याला आधीपासून थोडं माहीत असलं पाहिजे. अगदी अजाण बायको-मुलगी 'नाही' म्हणाली तर त्यात काही पणाला लागलेलं नसतं. आणि नकारानंतर गुन्हेगारानं लगेच सुधारू नये. वाल्याचा वाल्मीकी झाला, ते पुराणात. मालिकेत नकार ऐकून तो बहुतेक वेळा आणखी खोलात जातो, कारण आता थांबायचं तर आधीचं सगळं कशासाठी केलं हा प्रश्न उभा राहतो.

'द सोप्रानोज'च्या तिसऱ्या सीझनमध्ये नारद टोनीच्या बायकोला भेटतो. ही बायको, कार्मेला, एका वयस्कर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते. तो तिची फीसुद्धा घेत नाही, रक्ताचे पैसे नकोत म्हणतो, आणि सांगतो की मुलांना घेऊन घर सोड. निदान तुला कुणी सांगितलं नव्हतं असं तरी तुला म्हणता येणार नाही. ती सोडत नाही. तिथून पुढे तिचीही स्वतंत्र सबब सुरू होते. घरातल्या माणसांचं टाचणही करायला हवं, ते यासाठी.

वॉल्टरला उत्तर मिळतं ते शेवटच्या भागात. 'मी हे सगळं…' असं तो सुरू करतो तेव्हा बायको तोडते, आता पुन्हा कुटुंबासाठी केलं असं सांगू नकोस. आणि तो कबूल करतो की स्वतःसाठी केलं, आवडत होतं, जमत होतं. एवढं छोटं वाक्य इतकं जड होतं ते आधी एकसष्ट भाग उलटं वाक्य ऐकल्यामुळे. सबब सोडून देण्याचा प्रसंग लिहायचा असेल तर आधी ती पुरेशी वेळा लिहिलेली असावी लागते.

काय बिघडतं

कारण आणि सबब यांची गल्लत. बापाचा मार हे कारण. ते तुमच्याकडे, टाचणाच्या मागच्या पानावर राहू द्या. सबब पात्राची असते. 'माझ्या लहानपणीच्या जखमांमुळे मी असा झालो' असं बोलणारा एजंट पतसंस्थेतला राहत नाही, समुपदेशकाच्या खोलीतला होतो. फ्लॅशबॅक हवाच असेल तर तो सबबीच्या विरुद्ध जाणारा दाखवा: बाप मारत नव्हता, बापानं सापडलेलं पाकीट परत केलं होतं.

खूप बोलणं. एका एपिसोडमध्ये सबब एकदाच, जास्तीत जास्त दोन वाक्यं. पहिल्यांदा येते तेव्हा ती दुसऱ्याच कामाच्या मधे, चहा ओतताना, गाडीला किक मारताना यावी. सबब जितकी घाईत, तितकी खरी.

सगळ्यांची एकच सबब. दोन खलनायक असतील तर दोघांची टाचणं शेजारी ठेवून वाचा. नावं झाकल्यावर कोण कुठला ते कळत नसेल तर एकाची बदला. भाषाही वेगळी हवी. मुंबईच्या टोळीतला माणूस खून म्हणतच नाही; 'गेम', 'सुपारी', कोटीला 'खोका', लाखाला 'पेटी'. हे शब्द रंगासाठी नसतात, ते काम सोपं करतात. एजंटचा शब्द 'अॅडजस्ट'. संपूर्ण मालिकेत त्याच्या तोंडी 'चोरी' येता कामा नये. तो शब्द शेवटी आजीच्या तोंडी राखून ठेवा.

अडवणाऱ्याचा राग. प्रेक्षक ज्याच्यासोबत जास्त वेळ घालवतो त्याची सबब त्याची स्वतःची होते, आणि मग ती नाकारणारी बायको कजाग वाटू लागते. 'ब्रेकिंग बॅड'मध्ये वॉल्टरच्या बायकोचं, स्कायलरचं काम करणाऱ्या अॅना गन हिच्या वाट्याला लोकांचा इतका द्वेष आला की २०१३ मध्ये तिनं 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यावर लेख लिहिला. इलाज लेखनातच करावा लागतो. बळी ठरणाऱ्या माणसाला गुन्ह्याच्या आधी, गुन्ह्याशी संबंध नसलेला, किमान एक पूर्ण प्रसंग द्या. आजी त्या पैशांतून काय घेणार आहे, कुठल्या दुकानात जाऊन तिनं भाव विचारून ठेवलाय, हे आधी दिसलं तर 'पडूनच तर आहेत' या वाक्याला प्रेक्षक मान डोलावत नाही.

चौकीतला प्रसंग

शेवटी कबुली येणारच असेल तर कायदा नीट ठेवा. पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे, त्याआधीच्या काळातली गोष्ट असेल तर पुरावा कायद्याचं कलम २५. त्यामुळे इन्स्पेक्टरपुढे गुन्हेगारानं सगळं ओकलं आणि केस संपली, असं होत नाही. पोलिसांच्या कामाचा असतो तो त्या बोलण्यातला, एखादी वस्तू सापडवून देणारा भाग. तो पंचांसमोर लिहून घेतात, मग आरोपी जागा दाखवतो. पूर्ण कबुली हवी तर ती दंडाधिकाऱ्यापुढे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली. तिथे आरोपीला आधी सांगावं लागतं की कबुली द्यायचं तुझ्यावर बंधन नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध जाऊ शकते. हे सांगण्याचा क्षण नाट्यासाठी उत्तम आहे, तो कापू नका.

आणि चौकीत सबब गुन्हेगारानंच आणायची असं नाही. मुरलेला अधिकारी ती त्याच्यापुढे सरकवतो. 'मुलीची फी होती ना? कुणीही हेच केलं असतं.' अमेरिकेत चौकशीच्या एका प्रसिद्ध पद्धतीत असं निमित्त पुरवणं ही ठरलेली पायरीच आहे, आणि निरपराध माणसंही त्यात कबुली देऊन बसतात अशी तिच्यावर टीका होते. म्हणून तुमच्या मालिकेत निर्दोष माणूस अडकवायचा असेल तरी हाच प्रसंग चालेल. एजंटच्या बाबतीत मात्र इन्स्पेक्टर फीची सबब पुढे करेल तेव्हा एजंटनं ती घेऊ नये. फी कधीच भरून झाली हे आता त्यालाही माहीत आहे. तो विचारेल, 'आजी आल्या होत्या का?' इन्स्पेक्टर वहीतून मान वर न करता म्हणेल, 'बाहेर बसल्यात.'